एक कमी

नगराध्यक्षपदाला उभा एकटाच : नुन्झिओ, पाववाला.
तरी हरू शकतो.
यादीत एकशे अठरा नावं,
बरीचशी तुरिनच्या कारखान्यांत,
नाताळापुरती गावकरी.
अठ्ठेचाळीस यायलाच हवेत, नाहीतर
जिल्ह्याहून कुणी साहेब येईल, फाइल घेऊन.

पावणेतीनपर्यंत सत्तेचाळीस.
शाळेच्या दारात नुन्झिओ
मनगटावरचं पीठ उगाच झटकतोय.
उरली एर्सिलिया. ती येणार नाही.
अंजिराच्या एका फांदीवरून
त्याच्या बापाशी एकोणतीस वर्षं अबोला;
बाप गेला, अबोला
घराबरोबर मुलाच्या नावावर झाला.

तीनला चार कमी असताना
पायऱ्यांवर काठी वाजली.
ओळखपत्र. सही. मी नुकतीच तासलेली पेन्सिल.
पडद्याआड ती बराच वेळ होती,
गुडघ्यांमुळे असेल.

मोजणीत सेहेचाळीस मतं,
एका चिठ्ठीवर गाढवाचं चित्र,
एक कोरी.
गाढव कुणी काढलं यावर रात्रभर वाद.
कोरीबद्दल कुणी बोललं नाही.
मीही नाही :
पेन्सिलीचं टोक तसंच होतं
हे फक्त मला ठाऊक.

सकाळी तिच्या उंबऱ्यावर कागदात गुंडाळलेला पाव,
अजून गरम.
दुपारी तिथे नुसता कागद,
नीट घडी घातलेला.