उलटा कर

शरीफाबीनं आधी सोफ्याकडं पाहिलंच नाही,
पाहिलं माझ्याकडं. "उलटा कर."

दिग्रसच्या आमच्या दुकानात
असं कोणी सांगत नाही.
लोक रंग विचारतात, हप्ता विचारतात,
उशा फुकट का, विचारतात.

उलटा केला. पोटाला काळं पातळ कापड,
स्टेपलच्या पिना. एक तिनं नखानं उचकली,
बोट आत घालून बाहेर काढलं, हुंगलं.
"सागवान म्हनलं ना तू?
हा तं डिंकात थापलेला कोंडा हाय, बापा."

मग फोम. चाळीस वर्षं गाद्या भरलेला अंगठा
रुतवला, काढला,
खड्डा भरेस्तोवर ओठांत मोजत राहिली.
सातावर ती थांबली. खड्डा अजून होताच.

बिजागरी मात्र आवडली.
अकरा वेळा उघडली, मिटली,
कान लावून, पिंजणाची तात ऐकावी तशी.
"लोखंड खरं बोलते."

मी किंमत उतरवली. तिकडं लक्षच नाही.
"नणंद येते माही, डायलिसिसले.
अर्धी रात बसते, अर्धी निजते.
मंधात तिले उठा लागू नये,
एवढंच पायजे."
बिजागरीच तेवढी विकतो का, विचारलं
आणि गेली.

सहा वर्षं मी हे विकतो.
त्या रात्री शटर आतून ओढून
पहिल्यांदा निजलो एकावर.
कोणत्या कुशीला कोणती फळी कण्हते,
पहाटेपर्यंत पाठ झालं.

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. "रंग कोणकोणते?"
म्हटलं, दादा, त्या बाजूनं धरा जरा.
उलटा करू.