बादलीतली मुळं

लिमाच्या या टेकडीवर पाऊस पडत नाही.
धुकं येतं, पत्रा ओला करून जातं.
पाणी टँकरचं. मंगळवारी, आणि जमलं तर शुक्रवारी.

आईनं एफ्राइन रंगाऱ्याकडून
रिकाम्या बादल्या आणल्या, दोन सोलला एक.
तापल्या खिळ्यानं झाकणांना भोकं,
भोकात दह्याचा कप, कपात लेट्यूसचं रोप.
खत खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून.

बाबा खुर्चीतून बघत होते.
चाळीस वर्षं अयाकुचोच्या उतारावर बटाटे काढलेला माणूस.
म्हणाले, "मातीवाचून वाढतं ते पीक नव्हे,
सलाईनवरचा पेशंट."

तिसऱ्या आठवड्यात पाणी वीतभर उतरलं.
"उतरू दे," आई म्हणाली,
"वरची मुळं श्वास घेतात."

बाबांना ते बघवेना.
पहाटे, आम्ही उठायच्या आत,
प्यायच्या पिंपातून त्यांनी
आठही बादल्या काठोकाठ भरल्या.
तहानलेल्याला नाही म्हणणं
त्यांना कधी जमलंच नाही.

दुपारी पानांनी माना टाकल्या.

आई ओरडली नाही.
झाकण उचलून तिनं त्यांचा हात धरला,
मुळांवरच्या लवेवरून फिरवला.
"हवेची सवय झाल्येय यांना, सातुर्निनो.
आता परत बुडवायचं नाही."

ते बराच वेळ तसेच वाकून.
मग पेल्यानं पाणी उपसू लागले,
थेंब न सांडता, धुण्याच्या टबात.

दोन रोपं गेली.
उरलेल्यांतलं पहिलं पान
बाबांनीच तोडलं, सावकाश चावलं.
"पाण्यासारखं लागतं," म्हणाले,
आणि दुसरं तोडलं.