एक जून

फॉर्ममध्ये जन्मतारीख विचारली होती,
मी लिहिली.
सेवापुस्तकात तीच, पॅनकार्डावर तीच.
धुळ्याच्या पासपोर्ट ऑफिसातल्या पोरानं
मान वर न करता विचारलं,
मॅडम, साक्रीकडच्या का?
सकाळपासून एक जूनवाल्या तुम्ही सातव्या.

आई सांगायची, हरभरा सोंगायला आला होता.
शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी
माझा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहिला.
लागला.
पेन झटकून त्यांनी लिहिलं, एक जून.

जिल्ह्यातून दोघांची निवड.
तीन आठवडे डेन्मार्क, खर्च त्यांचा.
केंद्रप्रमुख पेढा खाता खाता म्हणाले,
आपल्या केंद्राचं नाव झालं.
आणि लगेच, पण युडायसची माहिती भरून जा.
यादीत तिसरं नाव बोरसे सरांचं होतं.
त्यांनी मला थंडीचं जाकीट दिलं,
त्याचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं.

चौथीतल्या रविता मालचेनं एवढंच विचारलं,
"बाई, तठे बी वारा शे का?"

वारा होता.
विमान खाली येताना समुद्रात पंखे दिसले,
पांढरे, रांगेनं,
जसे आमच्या वर पठारावर.
वाटलं, एवढं उडून
फिरून पिंपळनेरलाच आणलं की काय.

तिथल्या वर्गात सोळा मुलं.
बाईंना नावानं हाक मारतात, किर्स्टन,
आणि दुपारपर्यंत मीही नुसती हर्षला.
मी त्यांना पात्याची गोष्ट सांगितली.
एका वर्षी पंख्याचं पातं घेऊन ट्रेलर आला
आणि शाळेपुढच्या वळणावर अडकला.
पुढे जाईना, मागे येईना.
पोरं वर्गात थांबेनात,
म्हणून वर्गच रस्त्यावर नेला, पातं मोजलं.
तिसरीची त्रेसष्ट पावलं, चौथीची चौपन्न.
खरं कोणाचं, यावर दोन दिवस भांडण.

ऐकून ती सोळा उठलीच.
फळ्यापासून निघाली, कॉरिडॉरमधून,
बुटांच्या फळीवरून, दाराबाहेर, हिरवळीवर,
मोठ्यानं आपल्या भाषेत मोजत.
त्रेसष्टाव्या पावलावर आस्गर नावाचा मुलगा थांबला
आणि लांबून मला ओरडून विचारलं,
इथं संपतं?

एक जूनला सकाळी दार वाजलं.
किर्स्टन, तिचा नवरा, दोन लेकी, गाणं.
टेबलावर ताटलीभोवती कागदी झेंडे, काडीकाडीचे,
मधे केक, त्यावर माझं नाव,
ल उलटा पडलेला.
कुठून तरी बघून गिरवला असेल.
मी खरं सांगणार होते.
हरभरा, गुरुजी, कान,
ह्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना.
मेणबत्त्या विझवल्या.
पहिल्यांदाच कोणी त्या तारखेवर
इतका विश्वास ठेवला होता.

पंधरा जूनला शाळा उघडली.
कमलबाई पोराला घेऊन दारात.
दाखला दवाखान्यात नाही,
दवाखाना म्हणतो ग्रामसेवकाकडे,
ग्रामसेवक म्हणतो दवाखान्यात.
"लिखी टाक ना बाई, एक जून."

मी पेन उघडलं. बंद केलं.
विचारलं, आठव तरी, कोणते दिवस होते?
ती हसली.
"पंखानं पातं अडकनं व्हतं ना,
तोच दिन व्हयना हाऊ."
एकशे आठ गाडी ट्रेलरमागे उभी,
गाडीत ती,
आणि पुढे आमची पोरं पावलं मोजत.

कपाटाच्या खालच्या खणात जुने हजेरीपट.
वाळवीनं कडा खाल्लेल्या, रकाने शाबूत.
सापडलं. माझंच अक्षर.
रस्ता बंद, उपस्थिती नऊ, पाते मोजले.
बावीस नोव्हेंबर.

आकडा दोनदा गिरवून लिहिला.
खाली किती कागद जोडायचे,
ते ग्रामसेवक, मी आणि तहसील बघून घेऊ.
पोरगं तोवर व्हरांड्यात
एका पायावर उड्या मारत
काहीतरी मोजत होतं.

नोव्हेंबरला वेळ आहे.
पिंपळनेरला गेले की
रंगीत कागद आणायचाय,
आणि काड्या.