बांध

बापाचं नाव उखर्डू.
आधीची तिघं गेली म्हणून
आजीने त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
आणि शेजारणीकडून
पसाभर ज्वारीला परत विकत घेतलं.

असा माणूस सरकारला मिळाला
गिरणाकाठचा मातीचा ढीग राखायला.

ढीग कसला, गोल बांध आहे.
कुठे गुडघ्याएवढा, कुठे कंबरेला,
उगवतीला बैलगाडी जाईल एवढं एकच तोंड.
आत घर नाही, चूल नाही, कणगीचं बूड नाही.
खोदायला आलेल्या बाई म्हणाल्या,
तीन-साडेतीन हजार वर्षं झाली असतील.
राहत कुणी नसावं इथे. नुसते जमत असावेत.
बाप म्हणाला, पाणी अडवत नाही,
शेत वाटत नाही,
मग घाम कशाला गाळला यांनी?
बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

तोंडाजवळ चार जागी रांजण निघाले,
जोडीजोडीने, तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले.
आत लेकरं. दात दुधाचे.
बाप त्या रात्री जेवला नाही.
‘यास्ले कोनी इकत लिनं नही,’
एवढंच बोलला.

मग निळा फलक आला.
शंभर मीटर मनाई, त्यापुढे दोनशे मीटर परवानगी,
आणि दंडाचा आकडा, जो कुणी वाचला नाही.
राजधर भट्टीवाल्याचा ट्रॅक्टर अंधारात यायचा.
पांढरीची माती कपाशीला भारी,
विटेलाही वाईट नाही.
बांध कोरणं आपल्याकडे भावाभावांत चालतंच,
हा तर कुणाच्या सातबाऱ्यातही नाही.
बापाजवळ एक शिट्टी होती,
पगार सहा-सहा महिने तुंबलेला.
राजधरने केळीचा घड पाठवला.
केळी आम्ही खाल्ली.
शिट्टी बापाने वाजवलीच.

आखाजीला मात्र बाया येतात,
कोरी घागर, वर डांगर,
त्या चार खड्ड्यांच्या काठाशी ठेवतात.
नियमात हे बसत नाही.
बाप त्या सकाळी नदीकडे तोंड करून बसतो,
विडी विझली तरी ओढत राहतो.

दरसाल चार घागरी.
यंदा सात होत्या.

मी बापाकडे बघितलं.
तो वही मांडीवर घेऊन,
पेन्सिलीला थुंकी लावून,
तारखेपुढे लिहीत होता:
विशेष काही नाही.