विरजण

मिडल्सब्रोत दर गुरुवारी
चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पतपेढी भरते.
दोन टेबलं, कुलपाची एक पेटी, आणि एक हीटर
जो आधी धूळ तापवतो, मग हवा.
बार्शीच्या पतपेढीत सव्वीस वर्षं खतावण्या लिहिल्या,
त्या जोरावर, मुलाकडे राहायला आल्यावर
मला इथं खुर्ची मिळाली.
पगार नाही. चहा आहे.

आत येण्याआधी माणसं दाराशी थांबतात,
मागं वळून बघतात, ओळखीचं कुणी नाही ना.
ते मान वळवणं मला बार्शीपासून पाठ आहे.

सेलामावित बाबागाडी ढकलत आली.
तीनशे चाळीस पौंड.
कशाला, विचारलं
तर तिनं दोन्ही हातांनी हवेत मोठा गोल काढला.
विजेवरचा तवा.
मी लिहिलं : उद्देश, तवा. तारण, आडवी रेघ.
डोरीनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"तव्याला एवढे?"
आंबवलेल्या पिठाची मोठी आंबोळी असते हो ती,
परातीएवढी, शेजारीपाजारी विकत घेतील,
हे सगळं मला इंग्रजीत सांगता येईना.
तरी सही झाली.

तिच्या गल्लीत शुक्रवारी एक हसरा माणूस येतो.
शंभर देतो, एकशे नव्वद नेतो.
त्याला पोरांची नावं ठाऊक आहेत.
उद्देश तो कधीच विचारत नाही.

आणि कीथ थर्कल.
पोलाद कारखाना बंद झाला तेव्हाचा.
खिडक्या पुसायच्या धंद्यासाठी शिडी, बादल्या, दोन ब्रश.
चार हप्ते वेळेवर. पाचवा उशिरा. मग पाठ गेली,
मग फोन लागेना.
पत्र मीच लिहिलं, जमेल तितक्या मऊ शब्दांत.
पुढच्या गुरुवारी तो आला
खांद्यावर शिडी घेऊन,
दारातून ती तिरकी करत, कुणाला न लागू देता.
"माझ्याकडे हीच आहे," म्हणाला.
शिडी जमा करून घ्यायला
आमच्या वहीत रकाना नव्हता.

नव्या संसारात मी वाटी घेऊन शेजारी जायची,
चमचाभर विरजण मागायला.
कुणी लिहून ठेवलं नाही.
फक्त वाटी रिकामी परत करायची नाही, एवढंच.
इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात
तीनदा दूध लावलं, तीनदा लागलं नाही.
दूध वाईट नव्हतं.
विरजणही वाईट नव्हतं.
मग बॉयलरच्या कपाटात, टॉवेलात गुंडाळून ठेवलं
तेव्हा कुठं सकाळी वाटी कलती केली तरी हललं नाही.

सेलामावितचे दोन हप्ते चुकले.
तवा वीज फार खातो, म्हणाली.
मग परवा पाकिटात नाणी आणली, आठ पौंड,
आणि फडक्यात गुंडाळलेलं काही गरम.
डोरीनबाईंनी आधी वास घेतला,
मग तुकडा तोडला,
मग दुसरा.

वर्षाच्या अहवालात एक प्रश्न असतो :
किती जण गरिबीतून बाहेर आले?
पेन हातात धरून मी बसते.
कीथच्या शिडीवर चढून कुणीतरी
हॉलचा गेलेला बल्ब बदलतंय.
खालून कीथच धरून उभा आहे.
आकडा मी पेन्सिलीनं लिहिते.