यादी पोचली, होड्या नाही

झेनोनासचा फोन आला तेव्हा पावणेपाच वाजले होते
आणि क्लाइपेडाच्या धक्क्यावर डिसेंबरचा अंधार केव्हाच पडला होता.
"पोरी, माझ्या सगळ्या होड्या सारख्याच दिसतायत."
मग खोकला. मग फोन ठेवल्याचा आवाज.

मी यादी उघडली.
बेचाळीस नोंदी, बेचाळीस महिरपी कंसांच्या जोड्या,
आत नाव, लांबी, नोंदणीचं साल.
टगबोट किती टन ओढते, नाही.
फेरीत गाड्या किती मावतात, नाही.
मच्छीमार बोटींची जाळी, बर्फपेटी, परवान्याची मुदत,
काही म्हणता काही नाही.
सगळे एका माळेचे मणी.

सर्व्हर खोटं बोलत नव्हता.
मीच त्याला लिहून दिलं होतं: या दारातून "जहाज" जाईल.
दारवान शब्दाला पक्का.
जे कुठल्याही जहाजाचं, ते त्यानं जाऊ दिलं,
जे ज्याचं त्याचं, ते उंबऱ्याच्या आत उतरवून ठेवलं.
बापाचं नाव लावून बाहेर पडली लेकरं
अंगावरच्या कपड्यांनिशी.
आणि आत, मेमरीत, सगळं शाबूत होतं.
तेच जास्त लागलं.

बाहेर एका मालवाहू जहाजाचं इंजिन बंद पडलेलं,
त्याला ओढून आणायला कुणाला धाडायचं?
पडद्यावर बेचाळीस नावं, एकाच चेहऱ्याची.
झेनोनासनं चष्मा काढला, खिडकी उघडली,
तीस वर्षांच्या सवयीनं नुसत्या दिव्यांवरून टग ओळखली
आणि वायरलेसवर तिला नावानं हाक मारली.
हे त्यानं मला सांगितलं नाही. चहावाल्या ओनाकडून कळलं.

दुरुस्ती तशी लहान.
प्रत्येक नोंदीत एक जादा ओळ, आणि ती सगळ्यांत आधी:
कुणाचा रे तू?
ते पहिलं सांगायचं, बाकीचं मागाहून.
उशिरा सांगितलंस तर ऐकणारा तोवर
भलताच कुणीतरी घडवून बसलेला असतो.

आईच्या स्वयंपाकघरात एका खिळ्यावर
पणजोबांच्या होडीच्या डोलकाठीवरची फळी आहे.
आई तिच्यावर हातपुसणी वाळत घालते.
मधोमध गावाचं निशाण, त्याचे दोन रंग धुरानं आता एकच झालेले.
निशाण हौसेचं नव्हे. तो तपासनिसाचा हुकूम होता,
कोण कुणाच्या पाण्यात जाळं टाकतंय
ते लांबून दिसावं आणि दंड ठोकता यावा म्हणून.
पण भोवती कोरलेलं घर, धुराडं, एक एल्क,
तीन माणसं आणि एक अर्धं माणूस,
हे कुणी मागितलं नव्हतं.
खाडी गोठल्यावर, कामधंदा नसताना,
पणजोबांनी ते चाकूनं घातलं.
हुकुमात बसत नाही म्हणून कुणी खरवडून काढलं नाही.

रात्री नऊला बदल वर चढवला.
सगळी यादीच कोसळली.
गाळ उपसणारी एक म्हातारी बोट होती,
तिचा प्रकार मी कुठे नोंदवलाच नव्हता.
एकीला ओळखता आलं नाही म्हणून
बाकी एक्केचाळीस जणींनाही दार बंद.
तिचं नाव घातलं. पुन्हा चढवलं.
झेनोनासचा एका ओळीचा निरोप:
टग परत टग झाली. बर्फपेट्याही दिसतायत.
आभार वगैरे काही नाही.

घरी गेल्यावर आईला विचारलं,
ते अर्धं माणूस कोण गं?
तिनं फळीवरचं हातपुसणं उचललं, जरा वेळ बघितलं.
"लाकूड संपलं असेल," म्हणाली,
आणि हातपुसणं परत टाकलं, या खेपेला
थोडं डावीकडे.