लांबी

शारजाच्या सनैयात जाताना
माझ्या खिशात फ्रिजवरचा चुंबक असतो.
गॅस सिलिंडरवाल्याचा, फोन नंबर अर्धा पुसलेला.
पत्रा असेल तिथे चिकटतो,
लांबी भरलेली असेल तिथे
पिकल्या बोरासारखा खाली पडतो.
एवढंच माझं शास्त्र.

गाडी पंचाहत्तरची, डॅटसन.
खोरफक्कानच्या एका खजुराच्या बागेत
अकरा वर्षं तिच्यात शेळ्या निजत होत्या.
मागच्या सीटखाली अजून लेंड्या सापडतात.
बायको म्हणाली, एवढ्या पैशांत
देवरुखला विहीर बांधून झाली असती.
विहिरीला चाकं नसतात, मी म्हणालो,
आणि पुढचे दोन दिवस डबा स्वतः भरला.

पहिल्या गॅरेजात एसी होता,
काचेच्या टेबलावर खजूर, गहवा,
मोबाइलवर आधीचे फोटो, नंतरचे फोटो.
त्यांच्या चकाकत्या लाल गाडीला
मी हळूच चुंबक लावला.
टप्.
दरवाजाखाली लावला. टप्.
मॅनेजरने तो उचलून माझ्या हातात दिला,
माझा रुमाल पडला असावा
इतक्या अदबीने.

दुसरीकडे सगळं बुक्रा.
बुक्रा पत्रा येईल, बुक्रा वेल्डर येईल.
कोपऱ्यात बिनचाकांची एक गाडी विटांवर बसलेली.
तिच्या बॉनेटवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने
तारीख लिहिली होती,
दोन वर्षांपूर्वीची.

तिसऱ्याने भाव इतका कमी सांगितला
की मी चहासुद्धा घेतला नाही.

चौथा मिसाल खान.
(नाव ऐकून मला आधी फरसाण आठवलं,
हे त्याला सांगितलं नाही.)
बोर्ड नाही. पत्र्याची शेड, ऑगस्ट,
पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता.
भाव न सांगता तो गाडीभोवती फिरला,
बोटाच्या पेराने वाजवत,
बाजारात माठ वाजवून घेतात तसा.
मागच्या उजव्या चाकाच्या कमानीपाशी थांबला.
माझा चुंबक तिथेच पडायचा.
पुन्हा वाजवलं.
मग छिन्नी आणून, मला न विचारता,
रंगाचा पोपडा उडवला.

लांबी. बोटभर जाड.
तिच्याखाली तारेची जाळी,
जाळीमागे कोंबलेली गोणपाटाची चिंधी,
तांदळाच्या गोणीची, निळ्या अक्षरांचा तुकडा
अजून तिच्यावर.

तो बराच वेळ चिंधीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, त्याच्या हिंदीत,
जी माझ्या हिंदीइतकीच वाकडी,
हे माझं काम आहे.
अठ्ठ्याऐंशी साल. मी सतरा वर्षांचा.
उस्तादला संध्याकाळपर्यंत गाडी हवी होती,
वेल्डिंगचा गॅस संपलेला.
मालकाने पैसे पत्र्याचे दिले होते.

हे सांगायची त्याला काही गरज नव्हती.
मला काय कळणार होतं?
कुठल्यातरी गाढवाने केलंय, म्हणाला असता,
आम्ही दोघांनी मिळून त्या गाढवाला शिव्या घातल्या असत्या,
आणि मी खुशीने बयाणा मोजला असता.

एवढ्या जागेचे पैसे घेणार नाही, तो म्हणाला.
बाकीचे घेईन. जरा जास्तच होतील.
रंग लावण्याआधी येऊन बघून जा.

पाच महिने झाले. डॅटसन अजून उघडी आहे,
राखाडी, ठिकठिकाणी शिवणीसारखे वेल्डिंगचे वळ.
चिंधी त्याने शेडमध्ये खिळ्याला टांगलीय,
नवा पोरगा जिथे काम करतो, बरोब्बर त्याच्या डोळ्यांसमोर.
पोरगा तिला हात पुसतो.

मागच्या शुक्रवारी नव्या पत्र्यावर
मी चुंबक लावला. थोडी लाजच वाटली.
चिकटला.
मिसाल खान बघत होता. हसला नाही.
दुसऱ्या बाजूलाही लाव, म्हणाला.